कवायतीच्या तासाला ट्रक

शनिवारी सकाळी कवायतीच्या तासाला आमच्या शाळेत ट्रकची चाकं काढली जात. शाळा मुलींची. काढणाऱ्या आम्ही शिक्षिका. पदर खोचून आम्ही त्या धुडाच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसायचो, एकीच्या हातात पाना, दुसरीच्या हातात जॅकचा दांडा, आणि मोठ्या बाई शिट्टी गळ्यात अडकवून समोर उभ्या. "ढिले करा. उचला. काढा. ठेवा." त्यांचे हुकूम हे एवढेच. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली एका सुरात तेच म्हणत. शहराच्या भडकल दरवाज्याकडून येणारे जाणारे कुंपणापाशी थांबून बघत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचं नाव घेऊन हाक मारायची कुणाची छाती नव्हती, आणि त्याही आमची नावं घेत नसत. जी जो विषय शिकवते तेच तिचं नाव. मी भूगोल. माझ्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटावर 'चि. सौ. कां. भूगोल हिस' असं ठसठशीत अक्षरात लिहून दिलं होतं, आणि आमचे हे शेवटपर्यंत मला त्याच नावानं चिडवत राहिले. चित्रकलेच्या बाई म्हणजे 'चित्रकला'. गणिताच्या जागेवर वर्षभर कुणी टिकत नसे, तर मोठ्या बाई खुशाल म्हणायच्या, "गणित पळालं. दुसरं बघायला हवं."

त्या शिकल्या हैदराबादला, सगळं उर्दूतून. त्यामुळे हिशेब तोंडानं करायचा झाला की उर्दूत, रागवायचं झालं की मराठीत, आणि कौतुक कुठल्याच भाषेत नाही. पांढरं लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. ऑफिसात त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर वह्यांचा ढीग असे आणि त्या उभ्या. जेवणसुद्धा उभ्यानं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, खिडकीत ठेवून. कुणी येऊन "बाई, हे काही बायकांचं काम नाही" असं म्हणालं की त्या त्याला बसायला सांगत, पाणी देत, आणि तो पाणी पिईपर्यंत ते काम सुरू करून टाकत. माणूस बिचारा हातात पेला घेऊन बघत बसे. मला त्यांचा राग यायचा. आणि दिवाळीच्या सुटीत त्यांच्यावाचून करमायचं नाही, हेही खरंच आहे.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती. छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव निघत आणि मोठ्या बाईंना लिलावाचं अक्षरशः व्यसन होतं. भंगारवाले, ठेकेदार, हॉटेलवाले अशा गर्दीत ही एकटी बाई छत्री घेऊन उभी. आमच्या मुली ॲल्युमिनियमच्या फौजी बाटल्यांतून पाणी पीत. पावसाळ्यात वर्ग गळायला लागले की आम्ही खाकी तंबूत शिकवत असू. एका लिलावातून त्यांनी घोड्यांचे खरारे आणले होते, ते कशासाठी हे मात्र मला आजतागायत कळलेलं नाही. आणि मग एके दिवशी हा ट्रक आला. बोजड, हिरवा, पुढं दोन चाकं आणि मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं, म्हणजे एकाला चिकटून दुसरं.

ट्रकबरोबर मामू आला. मामू पूर्वी निजामाच्या फौजेत गाड्या चालवायचा. ती फौज संपली, मामू घरी बसला, तिथून बाईंनी त्याला उचलला. ज्या लष्करासमोर त्याच्या फौजेनं हत्यारं ठेवली त्याच लष्कराचा हा ट्रक. मी एकदा त्याला विचारलं, "मामू, तुम्हाला काही वाटत नाही?" बिडी विझवत म्हणाला, "ट्रक को क्या मालूम बाईसाब, किसका पेट्रोल पिया." मामूचा जीव ट्रकवर होता, पण शनिवारी तो शाळेकडे फिरकत नसे. "लेडीज लोगां पाना पकड के बैठते, मेरे से देखा नै जाता," म्हणायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, "बघू नका. घरी बसा." खरोखरच पंक्चर झालं की मामू काढायचा, आमच्या तालमीच्या वेळी मामू गैरहजर. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं रामायण यातूनच झालं.

ट्रक कशाला, तर मुली आणायला. पडेगाव आणि त्याच्या पुढच्या गावांतून एकही मुलगी शहराच्या शाळेत येत नव्हती. मुलगे सायकलवर, पायी, कुणाच्या गाडीतून येत. मुलींना कोण पाठवणार? मोठ्या बाई एक उन्हाळा त्या गावांत घरोघर हिंडल्या. पडेगावच्या पुढं एक गाव आहे, तिथले पाटील या सगळ्यांचे म्होरके. ते 'हो' म्हणाले तर बाकीचे 'हो' म्हणणार. मी बाईंच्या बरोबर होते. पाटील ओसरीवर बसून आधी सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "बाई, पोरीची जात हाय. दारातनं न्यायची, दारात आनून सोडायची. दिवेलागणीच्या आत. ज्या दिशी दिवे लागले आन् पोर घरात नाय, त्या दिशी तुमची शाळा संपली."

"कबूल," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी त्यांना परतताना म्हटलं, "बाई, जुना ट्रक आहे. कधी ना कधी बंद पडणारच."

"बेशक पडणार," त्या म्हणाल्या. "म्हणूनच शिकायचं." आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी कवायतीचा तास बदलला.

एकदा शिक्षणखात्याचे साहेब अचानक तपासणीला आले, नेमके शनिवारी. चित्रकला ट्रकच्या खाली आडवी, बाहेर नुसते पाय. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे कुठल्या अभ्यासक्रमात बसतं?"

"भूगोलात," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "रस्ता आणि अंतर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नोकरी मलाही हवी होती.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. बाई आमच्याकडून काम घोटून घेत. जॅक लावायच्या आधी नट ढिले करायचे, चाक हवेत गेल्यावर नाही. काढलेले नट मातीत ठेवायचे नाहीत, ताटलीत ठेवायचे. बाहेरचं चाक निघालं की आतलं दिसतं, त्याचे नट वेगळे, त्यांना घाई करायची नाही. चाक उचलायचं नसतं, कलतं धरून चालवत न्यायचं असतं. "आधी हात लावून बघा, मग सांगा जमत नाही," हे त्यांचं पालुपद. सहा महिन्यांत आमची अशी तयारी झाली की चित्रकला आणि मी मिळून जोडचाक उतरवून पुन्हा चढवायचो आणि पुढच्या तासाला हात धुऊन वर्गावर हजर. पाटलांची मुलगी रांगेत पहिली उभी राहायची. अबोल पोर. पण आमच्या हातांकडे टक लावून बघत असायची.

ज्या दिवसाविषयी सांगायचं आहे तो थंडीतला. मामूच्या भाचीचं लग्न लासूर स्टेशनला, म्हणून मामू रजेवर. शाळा सुटल्यावर मुलींना सोडायला ट्रक मोठ्या बाईंनी स्वतः काढला. त्यांच्याकडे लायसन होतं आणि गिअर बदलताना त्या उर्दूत काहीतरी पुटपुटत, ती दुवा होती की शिव्या हे मी विचारलं नाही. हौद्यात मुली, चित्रकला आणि मी. पडेगाव मागं पडलं आणि मोकळ्या रस्त्यावर खालून बंदुकीसारखा आवाज झाला. ट्रक एका अंगाला बसला. मुली घाबरल्या नाहीत. उलट त्यांच्या डोळ्यांत मला चक्क आनंद दिसला.

मागचं डावं जोडचाक. त्यातलं आतलं फुटलेलं. बाहेरचं काढल्याशिवाय आतल्याला हात लागणार नाही. ऊन अजून बरंच होतं. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं, शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, "ढिले करा."

आम्ही पाना लावला. नट हलेना. मी जोर केला, चित्रकलेनं केला, दोघींनी मिळून केला. पान्याच्या दांड्यावर मी पाय देऊन उभी राहिले. मग चित्रकलाही माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. दांडा जरासा खाली गेला, आम्ही खूश झालो, आणि मग तो जो बसला तो दगडासारखा. दुसरा नट घेतला. तिसरा घेतला. तेच. शनिवारी हेच नट आमच्या हातांनी सुटत होते आणि आज त्यांना काय झालं होतं कोण जाणे. माझ्या तळहाताला फोड आले. सूर्य दौलताबादच्या किल्ल्याकडे कलू लागला होता.

इतक्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवाला पलीकडच्याच गावचा, ओळखीचा. उतरून त्यानं सगळा प्रकार पाहिला. "बाई, ह्ये बायकांचं काम न्हाय," तो म्हणाला. "पोरी बसवा माझ्या गाडीत. दिवे लागायच्या आत सोडतो एकेकीला."

माझा जीव भांड्यात पडला. मी मुलींना उतरा म्हणणार तोच मोठ्या बाईंनी फौजी बाटली त्याच्या हातात दिली. "पाणी प्या. मुली माझ्या हवाली केल्यात. मी दुसऱ्याच्या हवाली करणार नाही. तुम्ही फक्त पाटलांना निरोप सांगा, चाक फुटलंय, मुली सुखरूप आहेत, मी घेऊन येतेय."

तो पाणी प्याला आणि मान हलवत निघून गेला. मी मात्र फणकारले. "बाई, हट्ट कशाला? गाडी वेळेवर पोचली असती. आता दिवेलागण झाली तर शाळा संपली. तुमच्या हट्टापायी या पोरी घरी बसतील."

"दारात आणून सोडायचं असं ठरलंय," त्या म्हणाल्या. "मी आणून सोडायचं. पाना द्या."

त्या चाकासमोर मांडी घालून बसल्या. पांढरं लुगडं, खाली धूळ. चष्मा कपाळावर चढवून नटाच्या टोकाशी डोळा नेला आणि बाहेर आलेल्या आट्यांवरून नख फिरवलं. उठल्या, वळसा घालून पलीकडच्या उजव्या चाकापाशी गेल्या, तिथंही नख फिरवलं. परत आल्या. पुन्हा गेल्या. आम्ही बघत राहिलो. मग त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. डावीकडे फिरवलं की आवळतात, उजवीकडे फिरवलं की सुटतात. आपण मघापासून नट आवळत होतो."

चित्रकला मटकन खाली बसली. मला रडावं की हसावं कळेना. शाळेत ट्रक कायम डाव्या अंगानं भिंतीला टेकून उभा असे. सहा महिने आम्ही तालीम केली ती उजव्या चाकाची. भिंतीकडच्या चाकाला आमच्यापैकी कुणाचा हात कधी लागलाच नव्हता, आणि ज्याला हे ठाऊक तो मामू शनिवारी कधी तिथं नसायचा.

"भिंतीला लावायला मीच सांगितलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "चूक माझी. आता उलटं फिरवा."

उलटं फिरवा म्हणणं सोपं होतं. दोन बायकांनी उभं राहून आवळलेले नट ते. बाईंनी हौद्यावर चढून ताडपत्री सोडली आणि तिच्या खालचा एक लोखंडी पाइप उपसून काढला. तो पान्याच्या दांड्यावर चढवला, म्हणजे दांडा पुरुषभर लांब झाला. मग आम्ही तिघी त्याला लटकलो. काही नाही. तेव्हा पाटलांची मुलगी, जी कधी न विचारता बोलत नसे, ती खाली उतरली आणि पाइपच्या पार टोकाला जाऊन धरून म्हणाली, "बाई, आमी बी वढतो." तिच्यामागं दुसरी उतरली, तिसरी उतरली. "ढिले करा," कुणीतरी म्हणालं, आणि नट कडकन सुटला. सगळ्या एकमेकींवर पडलो. मोठ्या बाईसुद्धा.

त्यानंतर मात्र थांबणं नव्हतं. एकेक नट ढिला होत गेला. रस्त्याकडची दगडाची मोठी सपाट चीप आणून जॅकखाली दिली, पुढच्या चाकांना दगड लावले, ट्रक उचलला आणि नट काढून ताटलीत ठेवले. बाहेरचं चाक चालवत बाजूला नेलं. दोन चाकांच्या मध्ये एक काळा धारदार दगड अडकला होता, त्यानंच टायर कापलं होतं. आतल्या चाकाचे नट, पुन्हा पाइप, पुन्हा सगळ्या मिळून. स्टेपनी आत गेली, बाहेरचं चाक परत चढलं. मुली हुकूम म्हणत होत्या आणि कवायतीत त्यांना कधी नव्हता इतका आवाज लागला होता. माझे हात कोपरापर्यंत काळे. मला तेव्हा किती बरं वाटत होतं हे मी कुणाला सांगू शकणार नाही. फक्त सूर्य आमच्यासाठी थांबला नाही.

आम्ही पाटलांच्या गावात शिरलो तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. पारावर बाप मंडळी उभी. मुली उतरल्या आणि खाली मान घालून आपापल्या घराकडे गेल्या. पाटील पुढं आले.

"बाई, बोली काय झाली व्हती?"

"दिवेलागणीच्या आत."

"मंग?"

"उशीर झाला," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. सांगावं की चाक, की दगड, की आम्ही काय काय केलं. बाईंनी तेलानं बरबटलेल्या हातानं माझं मनगट धरलं. पाटलांनी आमच्या हातांकडे, लुगड्यांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "उद्यापासनं पोरी यायच्या न्हाईत," म्हणाले.

"ट्रक येईल," मोठ्या बाई म्हणाल्या. "रोजच्या वेळेला."

आणि ट्रक जात राहिला. लासूरहून परतलेला मामू चालवायचा, शेजारी बाई, आणि मागं माझी पाळी असेल तेव्हा मी. पाराजवळ ट्रक उभा करायचा, एकदा हॉर्न, मग वाट बघायची. कुणी यायचं नाही. बाया पाणी भरता भरता बघत, पोरंसोरं चाकांना हात लावून पळत. बाई केबिनमध्ये बसून वह्या तपासत. वेळ झाली की परत. रिकामा ट्रक खड्ड्यांतून आपटत शाळेत यायचा आणि मामू कपाळाला हात लावायचा. "पेट्रोल जळता बाईसाब. कौन आता अब? नक्को." शाळा चालवणाऱ्या मंडळींनीही सुनावलं. मीसुद्धा म्हटलं की आता पुरे. दुसऱ्या दिवशी पाळी नसताना त्यांनी मला ट्रकमध्ये बसवलं.

असा आठवडा गेला असेल. एका सकाळी हॉर्न वाजला आणि पाटलांच्या वाड्यातून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. डोक्यावरून पदर, आणि हाताला धरलेली ती अबोल मुलगी, वेणी घातलेली, दप्तर घेतलेली. पाटलीणबाईंना मी घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्या भर रस्त्यातून चालत आल्या आणि केबिनच्या दाराशी थांबल्या. मोठ्या बाई खाली उतरल्या.

"ही म्हनती, आमी चाक खोललं," पाटलीणबाई म्हणाल्या. "खरं का?"

"खरं आहे. मुलींत तिनंच पहिल्यांदा हात लावला."

पाटलीणबाईंनी मुलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आमच्या मालकाचं म्हननं, उशीर झाला. झाला उशीर. पर गाडी मोडली तरी तुमी पोरी दुसऱ्याच्या गाडीत घातल्या न्हाईत. सोता आनल्या." त्यांनी पदर सावरला. "मला बी लई शिकायचं व्हतं, बाई. मला न्यायला कुनीच आलं न्हाय. उशिरा बी न्हाय."

मोठ्या बाई मागं गेल्या, मामूला हाक न मारता स्वतः हौद्याचा मागचा फाळका पाडला आणि मुलीला हात दिला. पाटील पारावर बसलेले होते. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. त्यांनी पागोटं नीट केलं आणि तोंड शेताकडे फिरवलं. मामूनं ट्रक सुरू केला.